मन्नारच्या आखाताकाठी: प्रवाळ, शेवाळ आणि पोटापाण्याचा हिशोब

निघण्याआधी

रामेश्वरमला जाणारी गाडी पांबनच्या पुलावर आली की सगळ्यांचं लक्ष पुलाकडे असतं. त्याच वेळी उजव्या हाताला, दक्षिणेकडे, पाण्यात हिरवी रेघ दिसते. ते कुरुसडै बेट. मन्नारच्या आखातात, म्हणजे तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या समुद्रात, अशी २१ बेटं तुतिकोरिनपासून इथपर्यंत किनाऱ्याला समांतर ओळीने आहेत आणि त्यांच्याभोवती उथळ पाण्यात प्रवाळ आहे. १९८६ साली इथे ५६० चौरस किलोमीटरचं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. १९८९ साली आजूबाजूचा समुद्र आणि किनारा मिळून १०,५०० चौरस किलोमीटरचं जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झालं. या प्रवाळावर ज्यांचं पोट आहे त्यांच्या गावांतून, दक्षिणेकडून उत्तरेकडे, हा प्रवास आखला आहे.

फेब्रुवारी-मार्च हा यासाठी सर्वांत चांगला काळ. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा आखाताची बाजू खवळवतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा वारा उत्तरेकडच्या पाल्कच्या उपसागराची. पांबन-मंडपमचे छोटे मच्छीमार वाऱ्याप्रमाणे एका बाजूची होडी दुसऱ्या बाजूला नेतात, ती सोय आपल्याला नाही. दुसरी गोष्ट तिथीची. शेवाळ काढणाऱ्या बायका अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारालाच पाण्यात उतरतात, तेव्हा त्यांच्या गावचा, चिन्नपालमचा, दिवस त्यात बसेल असं बघून तिकिटं काढावीत. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. इथे ते जेमतेम मीटरभर. पण प्रवाळाचा माथा पाण्याखाली दोन-तीन हातांवर असेल तर त्या मीटरभरानेच दिवसाची कमाई ठरते.

मदुराईपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने यावं आणि तिथून बसने तुतिकोरिन गाठावं. साधारण १३५ किलोमीटर, तीन तास.

पहिला दिवस: तुतिकोरिन

तुतिकोरिनच्या उत्तर अंगाला थेरेसपुरम ही मच्छीमारांची वस्ती आहे. सकाळी लवकर गेलं तर शंख काढणारे पाणबुडे निघताना दिसतात. होडीत एक छोटा कॉम्प्रेसर, त्याला लांब नळी आणि नळीचं टोक पाणबुड्याच्या तोंडात. कमरेला जाळीची पिशवी. या पद्धतीने दहा-वीस मीटर खाली तासन्‌तास थांबता येतं आणि धोकाही तिथेच आहे. इंजिनाचा धूर वाऱ्याने कॉम्प्रेसरच्या तोंडाशी आला तर विषारी वायू थेट फुप्फुसात जातो. खोलवरून घाईने वर आलं तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, माणूस कायमचा लुळाही पडतो. हवा घेण्याची नळी वारा येतो त्या बाजूला आणि धुराचं तोंड उलट बाजूला ठेवणं एवढा उपाय बिनखर्चाचा आहे. तरी होडी फिरली की दिशा बदलते, म्हणून वर एक माणूस फक्त तेवढ्यावर नजर ठेवायला लागतो.

शंखाचा नियम जुना आहे: ५७ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाचा शंख परत पाण्यात सोडायचा. मोठे शंख बंगालात बांगड्यांसाठी जातात. मोत्यांची सरकारी मोहीम मात्र १९६१ नंतर इथे झालेली नाही. शिंपल्यांची पुढची पिढी पुरेशी धरलीच नाही.

तुतिकोरिनच्या प्रवाळाचं सर्वांत मोठं नुकसान झालं ते चुन्यामुळे. १९६०-७०च्या दशकांपासून प्रवाळ फोडून होड्यांनी किनाऱ्याला आणायचा, भट्टीत भाजून चुना करायचा, मोठे तुकडे बांधकामाला वापरायचे, हा हजारोंच्या रोजगाराचा धंदा होता. मेलेला प्रवाळ संपला की जिवंत प्रवाळावर पहार पडायची. प्रवाळ गेला की लाटा थेट बेटावर येतात. २१ पैकी दोन बेटं, विलांगुचल्ली आणि पूवरसनपट्टी, अशी पाण्याखाली गेली. २००१ साली प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आला, पण धंदा थांबला तो २००४च्या त्सुनामीनंतर, २००५च्या आसपास. कागदावरच्या बंदीनंतर चार वर्षं गेली आणि त्या मधल्या काळात चुन्यावर जगणाऱ्यांना दुसरं काम कुणी दिलं नाही. हे इथे ठळकपणे लिहायला हवं, कारण पुढच्या प्रत्येक गावात हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो.

बंदराजवळचं वान बेटही झिजून बुडायला आलं होतं. आता त्याच्या समुद्राकडच्या बाजूला काँक्रीटचे समलंब आकाराचे, भोकं पाडलेले ठोकळे ठेवले आहेत, दहा हजारांहून जास्त. भिंत सरळ आणि बंद असती तर लाट आपटून तिच्या पायथ्याची वाळू उकरली गेली असती. भोकांमुळे लाटेचा जोर मोडतो, पाणी आरपार जातं आणि आतल्या बाजूला वाळू बसते. ठोकळ्यांत मासे राहायला येतात, वर प्रवाळाची पिल्लं धरतात. बेटावर उतरायला परवानगी नाही. होडीतून लांबूनच बघावं.

दुसरा दिवस: वेंबारमार्गे कीळक्करै

किनारी रस्त्याने वेंबार, सायल्कुडी, एर्वाडी, कीळक्करै. दोन्ही बाजूंना मिठागरं, ताडाची झाडं आणि वेड्या बाभळीचं रान. बघण्यासारखं काम आहे ते कीळक्करैच्या पट्ट्यात: पिंजऱ्याची मासेमारी.

पिंजरा बाभळीच्या काटक्या-साली विणून करतात. तोंड नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं, त्यामुळे मासा शिरतो पण वाट शोधून बाहेर पडत नाही. आत ठेचलेले खेकडे, शिंपले असं आमिष. दोन-तीन मीटर पाण्यात, प्रवाळाच्या कडेला, दगड बांधून पिंजरा ठेवायचा आणि एक-दोन दिवसांनी उचलायचा. हेकरू, तांबोशी, पोपटमासा असा माल जिवंत मिळतो, म्हणून जाळ्यातल्या मासळीपेक्षा भाव चांगला येतो. डिझेल कमी, माणसं दोनच. गरिबाला परवडणारा हा धंदा आहे.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पिंजरा प्रवाळाच्या कडेला न ठेवता वरच टाकला की फांद्या मोडतात, आणि पूर्वी वजनाला प्रवाळाचेच दगड वापरायचे. जाणता मच्छीमार पाण्यात उतरून हाताने पिंजरा वाळूवर बसवतो. घाई असलेला वरून सोडतो. दुसरं, दोर तुटून हरवलेला पिंजरा. काटक्यांचा असेल तर काही महिन्यांत कुजून मोडतो, पण लोखंडी सळ्या आणि नायलॉन जाळीचा असेल तर तो पुढे कितीतरी काळ मासे पकडत आणि मारत राहतो. जुना काटक्यांचा पिंजरा टिकत नाही हीच त्याची चांगली बाजू. शिवाय पोपटमासा फार काढला तर प्रवाळावरचं शेवाळ खाणारं कुणी उरत नाही, आणि शेवाळ वाढलं की प्रवाळाच्या पिल्लांना बसायला जागा मिळत नाही.

एर्वाडीजवळ पिच्चैमूप्पन्वलसै इथे वनखातं आणि गावकरी मिळून होडीची फेरी आणि कयाक चालवतात. पाण्याखाली सागरी गवताची कुरणं आहेत. किनाऱ्यावरून येणारा गाळ हे गवत अडवतं, त्यामुळे बेटांकडचं पाणी निवळ राहतं आणि प्रवाळाला ऊन मिळतं. ट्रॉलरचं, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीचं, जाळं या गवतावरून फिरलं की नुकसान पुढे प्रवाळापर्यंत पोहोचतं.

तिसरा दिवस: चिन्नपालम

पांबन बेटाच्या दक्षिण टोकाला चिन्नपालम. स्वामी विवेकानंद परदेशातून परतले तेव्हा १८९७च्या जानेवारीत ज्या कुंदुकालला उतरले, ते शेजारीच. हा दिवस घाईत उरकू नये.

इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवतीच्या खडकांवरून शेवाळ काढतात. मुख्य जाती तीन-चार. अगार या घट्टपणा आणणाऱ्या पदार्थासाठी जेलिडिएला, जी इथे मरिकोळुंदु पासी म्हणून ओळखली जाते. कंजी पासी ही ग्रॅसिलेरिया. आणि अल्जिनेट या तशाच पदार्थासाठी तपकिरी सरगॅसम, म्हणजे कट्टक्कोरै. जेलिडिएला बोटभर उंचीची आणि हळू वाढणारी, म्हणून महाग. सरगॅसम हातभर वाढतं, ओझं भरपूर, भाव कमी. माल वाळवून दलालामार्फत मदुराईकडच्या अगार-अल्जिनेटच्या कारखान्यांना जातो.

होडी पहाटेच निघते. साधनं अगदी थोडी: डोळ्यांना पाणबुडीचा चष्मा, पायात रबरी चपला दोरीने किंवा चिंधीने घट्ट बांधलेल्या, साडीवर पुरुषी शर्ट, कमरेला पिशवी. हातांकडे जवळून बघावं. प्रत्येक बोटाला सुती कापडाच्या पट्ट्या वेगवेगळ्या गुंडाळलेल्या असतात, पेरापर्यंत, आणि नखाचं टोक उघडं ठेवलेलं असतं, कारण शेवाळाचा बुंधा बोटानेच चाचपून सापडतो. रबरी हातमोजे दिले तरी बऱ्याच जणी घालत नाहीत. जाड मोज्यातून दगड कुठला आणि शेवाळ कुठलं ते कळत नाही आणि आत पाणी भरतं. प्रवाळाची कड ब्लेडसारखी लागते, खाऱ्या पाण्यात जखम लवकर भरत नाही आणि दिवसभर डोकं खाली ठेवल्याने कानाचे, डोळ्यांचे त्रास होतात. श्वास रोखून बुडी, मूठभर काढणं, वर येणं, पिशवीत टाकणं. पाच-सहा तास हेच.

कसं काढावं याचा नियम साधा आहे. बुंधा खडकाला चिकटलेला राहू द्यायचा आणि वरचा भाग चिमटीत तोडायचा. बुंध्यासकट ओरबाडलं तर ओझं आज वाढतं, पण तो दगड पुढच्या मोसमात रिकामा निघतो. पत्र्याच्या खरवडणीने तर शेवाळाबरोबर प्रवाळाचा पापुद्राही निघतो. दगड उलटा करून खालचं शेवाळ काढायचं आणि तो तसाच सोडायचा, हेही वाईट, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हाने मरतात.

राष्ट्रीय उद्यान झाल्यावर याच बायका कायद्याच्या नजरेत घुसखोर ठरल्या. दंड, होडी जप्त, शेवाळ जप्त असं बरीच वर्षं चाललं. त्यातून बायकांनी संघटना उभी केली आणि स्वतःच नियम घातले: महिन्याला बाराच दिवस उतरायचं, सहा अमावस्येच्या सुमाराचे, सहा पौर्णिमेच्या. खरवडणी वापरायची नाही. उन्हाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात शेवाळही काढायचं नाही. ओळखपत्रांची मागणी लावून धरली. याच गावच्या लक्ष्मी मूर्ती यांना या कामासाठी २०१५ साली बेटांचं पर्यावरण जपणाऱ्यांना दिला जाणारा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. बारा दिवसांचा हा नियम पाळला जातो, कारण तो मोडणारी कोण ते गावात दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. गस्तीच्या बोटीला ते कधी जमणार नाही.

पैशाचं दुखणं मात्र सुटलेलं नाही. दलाल पावसाळ्यात उचल देतो आणि त्या बदल्यात माल त्यालाच घालायचा, त्याच्या भावाने. वाळवलेल्या मालात वाळू आहे, ओल आहे म्हणून वजनात कापतो. गटाचा स्वतःचा काटा आणि साठवायला एक कोरडी खोली या दोन गोष्टी असतील तर भाव बरा येईपर्यंत थांबता येतं. या भागात मदतीच्या योजना आखणाऱ्यांनी शिलाई मशीनऐवजी आधी हे द्यावं, असं ठाम मत आहे.

चौथा दिवस: मंडपम, तराफ्यांची शेती

मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचं केंद्र आहे. ही संस्था १९४७ साली सुरू झाली आणि कोचीला जाण्याआधी तिचं मुख्यालय इथेच होतं. उत्तरेकडे, पाल्कच्या बाजूला, पाण्यावर बांबूचे चौकोन तरंगताना दिसतात. कप्पाफायकस या लाल शेवाळाची शेती. मूळ फिलिपिन्सकडची ही जात भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्ररसायन संशोधन संस्थेने भारतात वाढवून पाहिली आणि २०००च्या दशकात एका मोठ्या शीतपेय कंपनीने लागवड उचलून धरली.

तराफा ३ मीटर बाय ३ मीटर. चारी बाजूंना बांबू, कोपऱ्यांत तिरके आधार, नाहीतर लाटेने चौकोन मुरगळतो. आडव्या २० दोऱ्या. प्रत्येक दोरीवर २० बेणी, प्रत्येक बेणं सुमारे १५० ग्रॅम. म्हणजे एका तराफ्याला ६० किलो बेणं. ते दोरीच्या पिळात थेट अडकवत नाहीत. प्लास्टिकचा छोटा फास दोरीला बांधलेला असतो, त्यात सैलसर गुंतवतात. घट्ट बांधलं तर देठ वाढताना कापला जातो, फार सैल ठेवलं तर पहिल्याच वाऱ्यात सुटतं. बायका किनाऱ्यावर सावलीत बसून दोऱ्या भरतात आणि मधूनमधून समुद्राचं पाणी शिंपतात. बेणं तासभर उन्हात राहिलं तरी मऊ पडतं. तराफ्याखाली जुनं जाळं ताणतात, शेवाळ खाणारे मासे अडवायला आणि तुटलेले तुकडे धरून ठेवायला. दहा-दहा तराफे एकमेकांना बांधून नांगर टाकतात.

पीक ४५ दिवसांचं. म्हणून एका माणसाला ४५ तराफे असा हिशोब बसवलेला आहे: रोज एक काढायचा, त्याच दिवशी परत भरायचा. वाढ चांगली असेल तर तराफ्याला २०० ते २५० किलो ओलं शेवाळ मिळतं. त्यातलं ६० किलो पुढच्या बेण्याला ठेवायचं. उरलेलं वाळवून दहावा भाग होतं, म्हणजे तराफ्यामागे चौदा ते एकोणीस किलो सुका माल. वाळवायला दोन-तीन ऊन हवीत आणि खाली जाळं किंवा मंच हवा. थेट वाळूवर वाळवलेला माल कमी भावाने जातो. वाळताना पाऊस लागला तर त्यातला उपयोगी अंश धुऊन निघतो.

या शेवाळापासून कॅरागीनन मिळतं, जे आइस्क्रीम आणि टूथपेस्टला घट्टपणा देतं. ताज्या शेवाळाचा रस काढून पिकांवर फवारायचं द्रवही करतात. इफकोचं ‘सागरिका’ लाल आणि तपकिरी समुद्रशेवाळापासून बनतं. आपल्याकडचे द्राक्ष-कांदा उत्पादक असा अर्क फवारतात, त्याच्या मागे या किनाऱ्यावरच्या बायकांचे हात आहेत.

अडचणी नेमक्या आहेत. पाणी तापलं किंवा जोराच्या पावसाने खारेपणा उतरला की फांद्या मध्येच पांढऱ्या पडून तुटतात, याला सगळीकडे ‘आइस-आइस’ म्हणतात. २०१३-१४मध्ये उन्हाळ्याने बेणंच मेलं आणि बऱ्याच कुटुंबांनी धंदा सोडला. सगळं पीक एकाच जुन्या बेण्याच्या फांद्यांपासून वाढवलेलं असल्यामुळे एक तराफा बसला की सगळेच बसतात. ईशान्येच्या वाऱ्यात तर तराफे मोडतातच, म्हणून वर्षाला चार-पाच पिकांपलीकडे धरू नये. जो कुणी बारा महिन्यांच्या उत्पन्नाचा आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आणि मोठी अडचण दक्षिणेकडच्या बेटांवर आहे, ती उद्या.

पाचवा दिवस: कुरुसडै

कुंदुकालच्या धक्क्यावरून वनखात्याची होडी कुरुसडैला नेते. तिकीट सकाळीच काढावं, वारा वाढला की फेऱ्या बंद होतात. प्रवाळ बघायचा तर सकाळी आठ ते दहा. नंतर वाऱ्याने गाळ उठतो. इथलं पाणी लक्षद्वीपसारखं काचेसारखं नाही, दोन-तीन मीटर दिसलं तरी दिवस चांगला समजावा.

आखातात प्रवाळाच्या ११७ जाती नोंदलेल्या आहेत. फांद्यांचा आक्रोपोरा, पानांसारखा मॉन्टिपोरा आणि गोल धोंड्यासारखा पोराइट्स एवढे ओळखता आले तरी पुष्कळ कळतं. एप्रिल-मेमध्ये पाणी ३१ अंशांच्या वर टिकलं की प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकलं जातं. त्याच्याकडूनच प्रवाळाला बहुतेक अन्न आणि रंग मिळतो. पांढरा प्रवाळ लगेच मेलेला नसतो; काही आठवड्यांत वाऱ्याने पाणी थंड झालं तर रंग परततो. नाही झालं तर त्यावर हिरवट तंतू धरतात आणि मग परत फिरणं नाही. २०१० आणि २०१६ या दोन्ही वर्षी हे मोठ्या प्रमाणात झालं. २०१६मध्ये आखातातल्या जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांच्या आसपास आलं. आक्रोपोरा, मॉन्टिपोरा आधी गेले, पोराइट्स बराचसा टिकला. मासे मात्र लगेच कमी होत नाहीत. मेलेल्या फांद्या उभ्या असेपर्यंत आडोसा असतो. त्या काही वर्षांत ढासळून चुरा झाला की पिंजऱ्यात मासा येत नाही. त्यामुळे मच्छीमाराला नुकसान कळतं तेव्हा कारण कधीच मागे पडलेलं असतं.

आता कप्पाफायकस. २००८ साली कुरुसडैच्या जिवंत प्रवाळावर हे शेवाळ पसरल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली, पुढे शिंगल आणि मुल्ली बेटांवरही. तराफ्यावरून तुटलेला तुकडा प्रवाहाने येतो, आक्रोपोराच्या फांद्यांत अडकतो आणि तिथेच चटईसारखा वाढतो. खाली ऊन पोहोचत नाही, प्रवाळ गुदमरतो. काढायचं ते हातानेच, आणि फांदीच्या बेचक्यात नखाएवढा तुकडा राहिला तरी तो परत वाढतो, म्हणून त्याच जागी वारंवार उतरावं लागतं. हे काम पगार देऊन चिन्नपालमच्या बायकांना द्यावं. त्यांच्याइतकी बोटांची सवय कुणाला नाही. शेती पाल्कच्या बाजूलाच ठेवणं, तराफ्याखालचं जाळं सक्तीचं करणं आणि त्याच्या बरोबरीने स्थानिक ग्रॅसिलेरियाची लागवड वाढवणं, हे तिन्ही एकदम व्हायला हवं. ग्रॅसिलेरियाचं उत्पन्न कमी आहे हे खरं, पण त्याचा सुटलेला तुकडा इथलाच असतो, परका नसतो.

मोडलेल्या प्रवाळाची लागवडही या बेटांजवळ होते. जिवंत फांदीचा बोट-दीड बोटाचा तुकडा सिमेंटच्या छोट्या फरशीवर दोऱ्याने बांधतात आणि फरशी काँक्रीटच्या चौकटीवर बसवतात. चौकट वाळूपासून वर हवी, नाहीतर गाळ बसतो. लावणी जून ते फेब्रुवारीत. उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेलं जगत नाही. बांधलेला तुकडा हलता कामा नये. रोज हलणारा तुकडा फरशीला धरत नाही, आणि लावणी फसते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

सहावा दिवस: रामेश्वरमचा धक्का

धक्क्यावर ट्रॉलरांची दाटी असेल तर तो त्यांचा सुट्टीचा दिवस. इथे आठवड्यातले तीन दिवस ट्रॉलर आणि चार दिवस छोट्या होड्या अशी वाटणी आहे. किनाऱ्यालगतच्या ठरावीक पट्ट्यात ट्रॉलरने यायचं नाही हाही नियम आहे, आणि तंटे त्यावरूनच होतात. मालवणात किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले आणि मोठ्या यांत्रिक बोटींनी घेर टाकणारे पर्ससीनवाले यांच्यात जे चालतं त्याच जातीचं हे भांडण: उथळ पाणी कुणाचं? १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या काळात छोट्या होडीला चार पैसे जास्त सुटतात.

समुद्रकाकडी, म्हणजे तळावर राहणारा काकडीच्या आकाराचा एक मऊ प्राणी, पकडायला २००१पासून पूर्ण बंदी आहे. पलीकडे श्रीलंकेत परवान्याने ती चालते, म्हणून इथून चोरटी वाहतूक होते आणि पकडला जातो तो बहुधा मजुरीवर बुडी मारणारा.

मंदिराच्या रस्त्यावर शंख-शिंपल्यांची दुकानं आहेत. पांढऱ्या फांद्यांचा प्रवाळ, वाळलेला समुद्रघोडा, समुद्रपंखा असं काही कुणी दाखवलं तर हात लावू नये. घेणं, बाळगणं दोन्ही गुन्हा आहे आणि मदुराईच्या विमानतळावर सामान उघडून बघतात. पूजेचा शंख घ्यायचा असेल तर मुठीत मावून उरेल असा मोठा घ्यावा आणि पावती मागावी. पांबनच्या नव्या पुलावरून एप्रिल २०२५पासून रेल्वे परत सुरू झाली आहे, त्यामुळे परतीला मदुराईची गाडी इथूनच मिळते.